बालसंस्थेचा कारभार

निराश्रित मुलांकरिता संस्था काढणे दयाळू मनुष्यास फारसे अवघड वाटत नाही. रस्त्यावर पडलेले पोर दिसते, अंतःकरण कळवळते, चार मित्र वर्गणी देतात, भाड्याचे घर मिळते आणि काम सुरू होते. खरी अडचण येते ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी. वर्गणीदार कंटाळतात, चालक आजारी पडतो, आणि तोवर चाळीस मुले पंक्तीस बसलेली असतात. दुकान बंद पडले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. बालगृह बंद पडले तर त्यातील मुलास जावयास दुसरे घर नसते. म्हणून अशा संस्थेचा कारभार हा जितका दयेचा, तितकाच हिशेबाचा व दूरदृष्टीचा विषय आहे.

विद्यार्थिमित्रांनो, याचे उदाहरण आपणां बारामती-इंदापूरकरांस फार लांब शोधावयास नको. बारामतीहून दौंडमार्गे पुण्यास आगगाडीने जाताना वाटेत केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन तेच. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. खर्च अमेरिकेतील रमाबाई असोसिएशन चालवीत असे. परंतु त्या मंडळाचे वचन दहा वर्षांपुरतेच होते. सामान्य चालक अशा वेळी नवव्या वर्षी जागा होतो! रमाबाईंनी मुदत सरण्यापूर्वीच केडगावास सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणविल्या, फळझाडे लावली. हेतू हा की, संस्थेस स्वतःचे काही उत्पन्न असावे. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून शेकडो मुली सोडवून आणल्या. त्या वेळी पुण्यात प्लेगचे निर्बंध. इतक्या मुली शहरात ठेवता येईनात. तेव्हा त्या केडगावच्या मळ्यावर नेऊन तात्पुरत्या निवाऱ्यांत ठेविल्या. उत्पन्नाकरिता घेतलेली जमीन अशी आश्रयाच्या कामी आली.

परंतु मला याहून महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. १८९८ साली असोसिएशनशी पुढील व्यवस्था ठरविण्याकरिता रमाबाई अमेरिकेस गेल्या. शेकडो मुली, त्याही बहुतेक उपासमारीतून आलेल्या, मागे राहिल्या. चालकाच्या पाठीमागे संस्था चालते की नाही, याची एवढी कठीण परीक्षा क्वचितच होते. सुंदराबाई पवार व मिनी एब्रम्स यांनी ते ओझे पेलले. शारदासदनात शिकून तयार झालेल्या मुलीही नव्या मुलींस शिकविण्याच्या व सांभाळण्याच्या कामी आल्या. जिला काल आसरा दिला, तिच्याच हाती आज जबाबदारी सोपविणे, ही रमाबाईंची खरी कारभारशैली होय. विणकाम, तेलाची घाणी, शेती, छापखान्यात खिळे जुळविणे, ही सर्व कामे मुली शिकल्या. पतित स्त्रियांकरिता कृपासदन, वृद्ध व अपंगांकरिता प्रीतिसदन, मुलग्यांकरिता सदानंदसदन, अशी निरनिराळी घरे झाली. जुलै १८२१ नव्हे, १९२१ मध्ये, ज्यांच्याकडे पुढील कार्य जावयाचे त्या कन्या मनोरमाबाई वारल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी स्वतः रमाबाईही गेल्या. एवढे दोन आघात नऊ महिन्यांत होऊनही मुक्तिसदनाचे दार बंद झाले नाही.

यात उणे नव्हतेच असे मात्र नाही. १८९३ साली मुलींच्या धर्मांतराविषयी वाद माजून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृति सल्लागारांनी राजीनामे दिले व कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. दोष कोणाचा, यावर आजही मतभेद आहेत. कारभाराच्या दृष्टीने हानी स्पष्ट दिसते: पैसा सातासमुद्रांपलीकडून येत राहिला, परंतु शेजाऱ्यांचा विश्वास दुरावला.

आता आपल्या उंबरठ्याकडे पाहू. सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर, बिजवडी येथील साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. कोप्यांतील मोठी मुलगी धाकट्यास कडेवर घेऊन बसते; तिची शाळा गावी राहते. कायद्याची साथ तिला आहे: २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, दाखला उशिरा आला म्हणून तो नाकारता येत नाही, गाव सोडताना शिक्षण हमी पत्रक देण्याचीही सोय आहे. तथापि कायदा स्वतः कोपीपर्यंत चालत जात नाही. तेथे जाऊन मुलीचे नाव, गाव, इयत्ता व मुकादमाचे नाव वहीत टिपून घेणारा मनुष्य लागतो. पुष्कळ संस्थांत हे काम एखाद्या उत्साही तरुणाच्या खांद्यावर असते. तो दुसऱ्या नोकरीस गेला की वही त्याच्याबरोबर जाते, आणि मुलगी दोन्ही गावांच्या हजेरीपटांतून गळते.

पट्टा पडतो, कोप्या उठतात, बैलगाड्या व ट्रॅक्टर मराठवाड्याची वाट धरतात. त्या दिवशी कोणत्या मुलाच्या हाती पत्रक पडले व कोणाच्या नाही, हे वहीवरून पडताळून पाहणारा कोण, आणि तो नसेल तर दुसरा कोण, हे टोळ्या येण्यापूर्वी, आश्विनातच, ठरलेले असावे लागते.