शिकायला जा, उपकार करायला नको

पर्यावरण व गावविकासाचे काम करणाऱ्या परदेशी संस्थांत आपली मुले-मुली आता इंटर्नशिपला जाऊ पाहतात. जरूर जावे. पण आधी श्रीलंकेतील सर्वोदय श्रमदान चळवळीची सुरुवात त्यांनी जाणून घ्यावी, असे आम्हांस वाटते. १९५८ साली कोलंबोच्या नालंदा विद्यालयातील शिक्षक ए. टी. अरियरत्ने विद्यार्थ्यांना घेऊन कनतोलुवा गावी गेले. तेथे समाजाने बहिष्कृत ठरवलेले रोडिया लोक राहत. शहरातली ही मुले त्यांच्यात राहिली, त्यांच्याबरोबर राबली. पुढे ही चळवळ हजारो गावांत पोहोचली.

पालकांनो, पैसे भरण्याआधी संस्थेला विचारा: हे काम गावकऱ्यांनी मागितले आहे काय? राहण्या-जेवण्याचा खर्च कोणाचा? व्हिसा कोणता? उपकार करायला येणारे पाहुणे आपल्या वस्त्यांनी पुष्कळ पाहिले आहेत. आपल्या लेकरांनी तसे पाहुणे होऊ नये.