शिक्का बसेल, ताई!

बचत गटाची मीटिंग संपली. हप्त्याचे पैसे मोजून झाले, बायका आपापल्या पिशव्या उचलून निघाल्या. एक वहिनी मात्र जागची हलली नाही. सगळ्या गेल्याची खात्री करून हळूच म्हणाली, "ताई, पोरीचं कॉलेज आता बंद करावं म्हणते. दोन विषय गेलेत."

दोन विषय गेले म्हणून कुणी कॉलेज बंद करतं का? मी तसं म्हटलंही. ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली आणि मग एकेक गोष्ट बाहेर पडली. मुलीला लहानपणापासून संध्याकाळनंतर नीट दिसत नाही. दिवसाउजेडीही समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं दिसत नाही. वाचता येतं, पण ओळ सापडायला वेळ लागतो. दहावी-बारावी कशीबशी रेटली. एफ.वाय.च्या पेपरला मात्र निम्मे प्रश्न लिहून होईपर्यंत घंटा झाली. "येतं हो तिला सगळं. पण वेळेत लिहून होत नाही."

"कॉलेजात सांगितलंत का?"

"नाही."

"डोळ्यांचं सर्टिफिकेट काढलंय?"

तिने मान हलवली. "नको ताई. एकदा कागद झाला की शिक्का बसेल. मग लग्न कोण करील तिच्याशी?"

आमचं शिनोली म्हणजे घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. पुढे डिंभे धरण, मागे तालुक्याचा बाजार. इथल्या मुली आता एसटीने कॉलेजला जातात, याचं आम्हा बायकांना मोठं कौतुक. पण त्याच एसटीत एखादी मुलगी पायरी चाचपत चढते, वर्गात फळ्यावरचं न दिसल्यामुळे शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते, हे आपल्या लक्षात येत नाही. ती सांगत नाही आणि आई तिला सांगू देत नाही.

त्या वहिनीला मी मुळीच दोष देत नाही. तिची भीती खरी आहे. आपल्याकडे मुलीच्या चष्म्याचा नंबरसुद्धा पाहुण्यांपासून लपवतात, तिथे अपंगत्वाचा दाखला म्हणजे मोठीच गोष्ट. पण त्या रात्री मला झोप लागेना. या लपवण्याची किंमत कुणी मोजली? दहावी-बारावीला बोर्ड अशा मुलांना जादा वेळ देतं, लेखनिक देतं. हिने तो कधी मागितलाच नाही. बारा वर्षं शाळेत काढली आणि हक्काचं एक मिनिटही जास्त मिळालं नाही. आता कॉलेज सुटायची वेळ आली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. सोबत कायद्याचं पुस्तक नव्हतं, पण माहिती होती. तीच इथे देते. न जाणो, तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेल.

अपंगांसाठीचा पहिला मोठा कायदा १९९५ सालचा. त्यात सातच प्रकार धरले होते. त्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आता २१ प्रकार आहेत. पूर्ण अंध, हात-पाय नसलेले एवढेच नव्हेत, तर कमी दृष्टी, कमी ऐकू येणं, वाचन-लेखनातली अडचण, सिकलसेल, थॅलेसेमिया हेही त्यात येतात. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत किमान ५ टक्के जागा ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखीव आहेत आणि प्रवेशाच्या वयात पाच वर्षांची सूट आहे. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक (मुलं त्याला 'रायटर' म्हणतात) देण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हा जादा वेळ तासाला किमान वीस मिनिटं असतो. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास!

हा एक तास ऐकल्यावर ती मुलगी पहिल्यांदा मान वर करून बोलली. "काकू, एक तास? मग तर माझा पेपर पूर्ण होईल."

तिची आई गप्प झाली. वडील म्हणाले, "काढा कागद."

कागद काढणं सोपं नव्हतं, हेही खरं सांगते. जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र केंद्राच्या 'स्वावलंबन' पोर्टलवरूनच मिळतं. त्याच अर्जावर यूडीआयडी नावाचं ओळखपत्र येतं, ते देशभर चालतं. फॉर्म ऑनलाइन भरायचा, फोटो, सही आणि आधार कार्ड जोडायचं, मग नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणीला जायचं. फॉर्म भरताना आमच्या हातून नावाच्या स्पेलिंगची चूक झाली आणि ती दुरुस्त करण्यात महिना गेला. आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आधी ताडून बघा, हा माझा पहिला सल्ला.

तपासणीसाठी आम्ही पुण्याला गेलो. शिनोलीहून पुणे सत्तर किलोमीटरच्या वर. घोडेगाव, मंचर, राजगुरुनगर आणि मग चाकणची ती ट्रॅफिक. पहाटे निघालो, दुपार झाली. पहिल्या खेपेला 'आज डोळ्यांचे डॉक्टर नाहीत' असं उत्तर मिळालं. भाकरी बांधून नेली होती, ती आवारातल्या झाडाखाली खाल्ली आणि परत फिरलो. वहिनीची एक दिवसाची मजुरी बुडाली ती बुडालीच. दुसऱ्या खेपेला तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावून सांगितलं, की हा आजार डोळ्यांच्या पडद्याचा आहे, चष्म्याने जाणार नाही, पण त्यामुळे शिक्षण थांबवायचंही कारण नाही. इतकी वर्षं 'नीट बघत जा' म्हणून त्या मुलीने बोलणी खाल्ली होती. परतीच्या एसटीत आई तिचा हात हातात घेऊन बसली होती. दोघी काही बोलल्या नाहीत.

कार्ड आलं आणि मला वाटलं, झालं काम. खरी कसरत पुढेच होती. कॉलेजच्या खिडकीवर भाऊसाहेबांनी कार्ड उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "आमच्याकडे असं आतापर्यंत कुणी मागितलं नाही." ते खोटं बोलत नव्हते. कुणी मागितलंच नव्हतं! म्हणून पद्धत नव्हती, फॉर्म नव्हता, स्वतंत्र खोली नव्हती. आम्ही भांडलो नाही. प्राचार्यांच्या नावाने साधा मराठी अर्ज लिहिला. त्यात तीन मागण्या होत्या : जादा वेळ, लेखनिक आणि खिडकीजवळ उजेडाची जागा. कार्डाची झेरॉक्स जोडली, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर 'पोचलं' म्हणून सही-शिक्का घेतला. हा शिक्का मात्र हवाच, बरं का! तोंडी सांगितलेलं विसरलं जातं, शिक्का मारलेला कागद विसरता येत नाही.

मग लेखनिक शोधणं आलं. लेखनिक परीक्षा देणाऱ्यापेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. शेजारच्या आळीतली बारावीची मुलगी तयार झाली. पण परीक्षा दिवाळीनंतरची, म्हणजे ऐन भातकापणीत. तिची आजी म्हणाली, "आमच्या वावरात कोण येणार मग?" शेवटी आमच्या गटातल्या चौघीजणी आळीपाळीने तिच्या वावरात कापणीला गेल्या आणि ती पोरगी पेपर लिहायला गेली. कायद्यात हे कुठे लिहिलेलं नाही. गावात असंच करावं लागतं.

निकाल लागला. नवीन सगळे विषय सुटले. मागे राहिलेल्या दोनपैकी एक सुटला, एक अजून आहे. मी काही चमत्काराची गोष्ट सांगत नाहीये. पण कॉलेज बंद झालं नाही.

शहरात हे सोपं असतं का? काही ठिकाणी नक्की असतं. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. लहानपणीच दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. त्या मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात राज्यशास्त्र शिकल्या. या कॉलेजात २००३ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी वेगळं केंद्र आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे संगणक आहेत, पुस्तकं त्यांना वापरता येतील अशा रूपात आणण्याचं काम तिथे चालतं. पुढे दिल्लीच्या जेएनयूत शिकून त्यांनी यूपीएससीची परीक्षा दिली. २०१६ मध्ये ७७३ वा क्रमांक आला, पण दृष्टी नसल्याचं कारण दाखवून रेल्वेची नोकरी नाकारली गेली. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, २०१७ मध्ये १२४ वा क्रमांक मिळवला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. हुशारी त्यांची होतीच. पण उल्हासनगरच्या मुलीला मुंबईत असं केंद्र असलेलं कॉलेज होतं. आमच्या शिनोलीच्या मुलीला ते कुठे आहे?

पुण्यातही 'निवांत अंध मुक्त विकासालय' आहे. मीरा बडवे यांनी ते उभं केलं. अंधशाळेतून अठराव्या वर्षी बाहेर पडलेली मुलं पुढे कॉलेज कसं करणार, हा प्रश्न त्यांना पडला आणि शिकवायला, वाचून दाखवायला माणसं जमवत ते काम वाढलं. सुरुवात झाली ती घरातूनच, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

गावात राहूनही काही गोष्टी करता येतात. साध्या अँड्रॉइड मोबाइलमध्ये 'टॉकबॅक' नावाची सोय असते, तो पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवतो. त्याला पैसे लागत नाहीत. 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे. ४० टक्क्यांवरच्या दिव्यांगांना एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते. बारावीनंतरची शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवर भरता येते. तंत्रशिक्षणाला असलेल्यांसाठी एआयसीटीईची 'सक्षम' शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजारांची आहे. आपल्या ग्रामपंचायतीलाही स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. ग्रामसभेत उठून 'ते पैसे कुठे गेले' हे विचारायला आपणच हवं. आणि दाद लागलीच नाही, तर दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे.

आणखी एक. टक्केवारी ४० च्या खाली आली म्हणून निराश होऊ नका. लिहिताना बोटं आखडण्याचा त्रास असलेल्या एका डॉक्टर उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं, की लेखनिकाची सोय फक्त ४० टक्केवाल्यांपुरती ठेवता येणार नाही. अडचण खरी असेल तर सोय द्यायला हवी. २०२२ मध्ये सरकारने त्याप्रमाणे सूचनाही काढल्या.

एवढं सगळं असूनही एक गोष्ट कुठल्याच कायद्यात नाही. कॉलेज आपणहून घरी येऊन 'तुमच्या मुलीला काय हवं' असं विचारत नाही. मागावं लागतं, तेही लेखी, तेही परीक्षेच्या आधी पुष्कळ दिवस. आणि मागण्यासाठी आधी घरात मान्य करावं लागतं. सगळं तिथेच अडतं. मैत्रिणींनो, प्रवेशाचा फॉर्म भरताना 'दिव्यांग आहे का?' या रकान्यापुढे भीतीने 'नाही' लिहू नका. त्या एका शब्दाने मुलीचे पुढचे तीन-चार वर्षांचे हक्क जातात.

आता राहिला लग्नाचा प्रश्न. त्याचं तयार उत्तर माझ्याजवळ नाही. पण अंधार पडल्यावर दिसत नाही, हे सासरी पहिल्याच संध्याकाळी कळणार असतं. मग ते आधी कळलेलं काय वाईट? आणि पदवी हातात असलेली मुलगी ते स्वतःच्या तोंडाने सांगू शकते.

परवाच्या मीटिंगला ती वहिनी आली होती. हप्ता भरला, पिशवी उचलली आणि पुन्हा थांबली. मी म्हटलं, आता काय? तर म्हणाली, "ताई, माझ्या नणंदेच्या पोराला ऐकू कमी येतं. अकरावीला आहे, घरच्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी बोलले नणंदेशी. त्याचा फॉर्म कधी भरू या?"