इंजिनाची धग आणि अंघोळीचे विसण

हिवाळ्यात म्हैसूर पाहून झाले की पर्यटकांची पावले साहजिकच बंदीपूरचे अरण्य, कबिनी जलाशय किंवा कोडगूच्या कॉफीमळ्यांकडे वळतात. स्वतःच्या वाहनात राहुटी बांधून निघणारी आणि एखाद्या मळेवाल्याच्या परवानगीने त्याच्या आवारात मुक्काम करणारी हौशी कुटुंबेही या वाटेवर भेटतात. जेवणाची, निजण्याची सोय होते. प्रश्न उरतो तो अंघोळीच्या पाण्याचा. सोबत लहान मूल किंवा वयोवृद्ध माणूस असेल, तर गरम पाणी ही चैन राहत नाही, गरज ठरते. मग आसपासची लाकडे गोळा होतात, तीन दगडांची चूल पेटते आणि एका घंगाळ्यापायी कितीतरी सरपण जळून जाते.

गंमत अशी, की ज्या वाहनातून हे कुटुंब आलेले असते, त्याने त्याच प्रवासात शेकडो लिटर पाणी तापेल एवढी उष्णता वाऱ्यावर सोडून दिलेली असते.

उष्णतेचा जमाखर्च

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे 10 युनिट ऊर्जा असते. येथे युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलेच युनिट. ढोबळमानाने पाहता, यातील जेमतेम तिसरा हिस्सा चाके फिरविण्याच्या कामी येतो. दुसरा मोठा हिस्सा धुराबरोबर बाहेर पडतो आणि सुमारे पाव हिस्सा इंजिनाभोवती फिरणारे शीतक द्रव शोषून घेते. हे द्रव साधारण 90 अंश सेल्सिअसपर्यंत तापते, रेडिएटरमध्ये जाऊन निवते आणि पुन्हा इंजिनाकडे परतते.

म्हैसूर ते बंदीपूर हे अंतर सुमारे 80 किलोमीटर आहे. लिटरमागे 12 किलोमीटर धावणारी गाडी तेवढ्यासाठी साडेसहा लिटरच्या आसपास डिझेल घेईल, म्हणजे 65 युनिट. त्यातील पाव हिस्सा, अर्थात 16 युनिट, शीतकातून हवेत जाईल. आता अंघोळीचा हिशेब पाहू. माणशी 12 लिटर पाणी 18 अंशांवरून 40 अंशांवर आणण्यास सुमारे 0.3 युनिट लागते. चौघांचे मिळून 1.2 युनिट. म्हणजे वाया जाणाऱ्या उष्णतेचा तेरावा हिस्सा मिळाला, तरी साऱ्या कुटुंबाची अंघोळ व्हावी!

कल्पना जुनीच

ही कल्पना आपल्याला परकी नाही. महाराष्ट्रातील विहिरींवर डिझेल इंजिने धडधडू लागली, तेव्हापासून शेतकऱ्याला ती ठाऊक आहे. पंपाने उपसलेल्या पाण्याचा एक बारीक प्रवाह इंजिन थंड राखण्यासाठी त्याच्या आवरणातून फिरविला जाई आणि कोमट होऊन बाहेर पडे. थंडीत रात्रपाळीचे पाणी देणारा शेतकरी त्याखाली हातपाय शेकून घेई, अंघोळही उरकून घेई. इंग्लंडमधील कालव्यांवरच्या नौकांत चालत्या इंजिनावर टाकीतले पाणी तापवून ठेवण्याची पद्धत आहे, तर ऑस्ट्रेलियात दूरच्या प्रवासाला निघणारे लोक आपल्या गाड्यांना अशी सोय जोडून घेतात.

मात्र प्रत्येक इंजिन यास उपयोगी नाही. म्हैसूरच्या कारखान्यात 1961 पासून 1996 पर्यंत तयार झालेल्या जावा आणि येझदी मोटारसायकलींचेच उदाहरण घ्या. त्यांचे इंजिन पाण्याने नव्हे, हवेने थंड होणारे. त्याच्या पाकळ्यांवरून वाहणारा वाराच उष्णता घेऊन जातो. तेथून अंघोळीचे पाणी मिळायचे नाही.

योजना कशी असते?

शीतक द्रव विषारी असते. ते अंगाला लावण्याचे पाणी नव्हे. म्हणून शीतक आणि अंघोळीचे पाणी एकमेकांत न मिसळता केवळ उष्णतेची देवाणघेवाण व्हावी लागते. त्यासाठी पातळ धातूच्या पत्र्यांची एक छोटी पेटी वापरतात. एकाआड एक पोकळ्यांतून एकीकडे तप्त शीतक वाहते, दुसरीकडे बारा व्होल्टच्या लहानशा पंपाने ढकललेले स्वच्छ पाणी. गाडीत हवा उबदार करणाऱ्या हीटरकडे जाणाऱ्या नळीवर ही पेटी बसविली जाते.

दुसरा प्रकार अधिक सोयीचा. उष्णतारोधक वेष्टन असलेल्या टाकीत धातूचे वेटोळे बसवून त्यातून शीतक फिरवायचे. गाडी धावत असतानाच टाकीतले पाणी तापते आणि मुक्कामानंतर काही तास गरम राहते. आपल्याकडचा बंब किंवा जुन्या म्हैसुरी घरांतील न्हाणीघराचा तांब्याचा हंडा जे काम करी, तेच हे. केवळ सरपणाची जागा प्रवासाने घेतलेली.

पथ्ये

येथे एक गोष्ट ध्यानी ठेवली पाहिजे. पहाटे थंडगार इंजिन केवळ अंघोळीसाठी सुरू करून तासभर धडधडत ठेवणे म्हणजे सरपणाऐवजी डिझेल जाळणे. त्यात बचत ती कसली? खरा लाभ मुक्कामी पोहोचल्याबरोबर होतो. त्या वेळी इंजिनाचे शंभर-दीडशे किलो धातू तापलेले असते. गाडी थांबवून इंजिन आणखी थोडी मिनिटे चालू ठेवले, तरी पुरेसे पाणी मिळते. तेव्हा टाकी नसेल, तर अंघोळ सकाळी न करता सायंकाळीच उरकावी.

सुरक्षिततेबाबत हयगय नको. चालू इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला प्राणघातक वायू असतो. म्हणून गाडी मोकळ्या जागी, राहुटीपासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभी करावी. बंद शेडमध्ये तर कदापि नको. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालचे उकळते द्रव अंगावर उसळते. प्लॅस्टिकचा डबा इंजिनावर किंवा धुराच्या नळीवर ठेवून पाणी तापविण्याचा खटाटोप आगीला आमंत्रण देतो. पेटीतून येणारे पाणी 60 अंशांपर्यंत तापलेले असू शकते आणि तेवढ्या उष्णतेने काही क्षणांतच त्वचा भाजते. यास्तव बादलीत आधी गार पाणी घ्यावे, त्यात गरम पाणी सोडावे आणि कोपर बुडवून पाहावे. बाळाच्या पाण्यात विसण घालताना आपली आजी हेच तर करीत असे.

जोडणी जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावी. नळी निसटून शीतक गळाले, तर इंजिनच निकामी होण्याचा धोका असतो. वाहनात असा फेरफार केल्यास हमीवर आणि विम्यावर काय परिणाम होईल, याची विचारणा उत्पादक व विमा कंपनीकडे आधीच करावी.

अरण्याचे नियमही पाळावेत. बंदीपूरमधून जाणारे महामार्ग 2009 पासून रात्री 9 ते सकाळी 6 या वेळेत सर्वसाधारण वाहतुकीस बंद असतात, आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वाटेल तेथे गाडी थांबवता किंवा राहुटी ठोकता येत नाही. मुक्काम हद्दीबाहेर, जागामालकाच्या संमतीनेच असावा. साबणाचे पाणी नदी-ओढ्यात न सोडता काठापासून दूर मातीत जिरू द्यावे. कबिनी पुढे कावेरीस मिळते, आणि कावेरीचे पाणी लाखो घरांत प्यायले जाते.

खर्च झालेल्या पैशातून काही परत हाती येण्याचे प्रसंग व्यवहारात विरळाच. डिझेलचे पैसे आपण पंपावर मोजलेलेच असतात; त्यांतले दोन तांबे गरम पाणी परत मिळाले आणि रानातली एक मोळी वाचली, तर तो व्यवहार नफ्याचाच म्हणायला हवा.