तंत्रिका जीवविज्ञानाचे प्रात्यक्षिक शिक्षण

तंत्रिका तंत्राच्या (मज्जासंस्थेच्या) कार्याचा पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत स्वतः प्रयोग करून केलेला अभ्यास. तंत्रिकेतील आवेग क्षणिक व अदृश्य असल्याने केवळ आकृत्यांवरून त्याचे ज्ञान पक्के होत नाही.

या शिक्षणात बेडकाला दीर्घकाळ मध्यवर्ती स्थान होते. लूईजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या स्नायूंवरील विद्युत् परिणामांविषयीचे निष्कर्ष १७९१ मध्ये प्रसिद्ध केले. हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८५० च्या सुमारास बेडकाच्या तंत्रिकेतील आवेगाचा वेग मोजला. तो सेकंदाला सु. २७ मी. भरला. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली व २०१४ मध्ये प्राणिविज्ञानाच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांतून ते पूर्णपणे बंद केले. त्यामुळे आता विद्यार्थ्याचे स्वतःचे शरीर हाच प्रयोगाचा विषय झाला आहे.

एकाने उभी धरून अचानक सोडलेली मोजपट्टी दुसऱ्याने बोटांच्या चिमटीत पकडावयाची, हा सर्वांत सोपा प्रयोग होय. पट्टी २० सेंमी. घसरली, तर प्रतिक्रियाकाल सु. ०·२ सेकंद येतो. उलट, गुडघ्याखालील कंडरेवर हलका आघात केल्यास मांडीच्या स्नायूतील विद्युत् प्रतिसाद सु. ०·०२ सेकंदातच उमटतो. त्वचेवर विद्युत् अग्रे लावून तो विवर्धकाच्या साहाय्याने नोंदता येतो. प्रतिक्षेपी क्रियेचा मार्ग मेरुरज्जूतूनच परततो, तर पहिल्या प्रयोगात मेंदूतील अनेक अनुबंधने ओलांडावी लागतात. या दहापट फरकाचे कारण विद्यार्थ्याला स्वतःच्या नोंदींवरून शोधता येते.

गडचिरोली येथे २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाचे कार्यक्षेत्र चंद्रपूर व गडचिरोली हे वनप्रधान जिल्हे आहे. या प्रदेशात वरील ज्ञानाचा जीवन-मरणाशी संबंध येतो. नाग व मण्यार यांच्या विषातील तंत्रिकाविषे तंत्रिका व स्नायू यांच्या संधीवर आघात करतात : नागाचे विष स्नायूवरील ग्राही अडविते, तर मण्यारीचे विष मुख्यतः तंत्रिकेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन बाहेर पडणे थांबविते. पापण्या मिटू लागतात व अखेर श्वसनाचे स्नायू निकामी होतात. मण्यारीच्या दंशाची जागा पुष्कळदा सुजतही नाही. म्हणून धोका ओळखला जात नाही आणि मांत्रिकाकडे मोलाचा वेळ जातो. आवेग तंत्रिकेतून स्नायूपर्यंत कसा पोहोचतो हे ज्याने प्रयोगाने जाणले आहे, त्याला त्वरित प्रतिविष व कृत्रिम श्वसन यांनी असा रुग्ण का वाचू शकतो, हे गावात समजावून सांगता येते.