ताट उचलण्याआधी कागद वाचा

पुणे-सोलापूर हायवेवर, आमच्या कासुर्डीजवळच्या ढाब्यावर मी वेटरचं काम शिकलो. डाव्या हातावर तीन ताटं घ्यायची, पण अंगठा रश्श्याला लागू द्यायचा नाही. याच हातांच्या जोरावर दुबई गाठायचं ठरवलं. पहिल्या एजंटाने सत्तर हजार घेऊन टुरिस्ट व्हिसा हातात ठेवला. त्यावर तिथे काम करणं बेकायदा आहे, हे वेळेत कळलं म्हणून विमानात बसलो नाही. पैसे मात्र बुडाले.

दुसऱ्या वेळी आधी भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटाचा परवाना तपासला. परदेशी नोकरभरतीच्या १९८३ च्या कायद्याखाली नोंदलेल्या एजंटाला ३०,००० रुपये अधिक जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घेता येतं. पावती मागून घ्या. अमिरातीत भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाने करायचा असतो. तो कामगाराकडून वसूल करायला कायद्याने बंदी आहे. ऑफर लेटरमध्ये मूळ पगार, कामाचे तास, राहण्याची सोय नीट वाचा. टिप धरून पगार सांगत असतील, तर मूळ आकडा वेगळा लिहून घ्या.

दहावी न झालेल्यांच्या ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) पासपोर्टला आखाती नोकरीसाठी सरकारी मंजुरी लागते. सोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचं १० लाखांचं संरक्षण मिळतं. ब्रिटनमध्ये तर वेटरच्या कामासाठी स्किल्ड वर्कर व्हिसा मिळतच नाही. कुणी तो मिळवून देतो म्हणत असेल, तर उठून चालते व्हा.

पोरांनो, शेत गहाण टाकण्याआधी एक दिवस कागदांना द्या.