सगळ्यांना एकच गणित

'मुलीला कॉन्व्हेंटमध्ये घातलंय' एवढं म्हटलं की आपल्याकडे पुढचं कुणी विचारत नाही. चांगलं इंग्रजी, कडक शिस्त, स्वच्छ गणवेश हे सगळं त्यात आलंच. प्रवेश अर्जाच्या रांगेत उभ्या असलेल्या आईवडिलांपैकी बहुतेक ख्रिस्ती नसतात, तरी शाळा ख्रिस्ती हवी असते. म्हणजे या शाळांत काहीतरी चांगलं आहे असा लोकांचा भरवसा आहे. मात्र ते नेमकं काय आहे, हे विचारलं तर उत्तर इंग्रजी आणि शिस्तीपाशीच थांबतं. अमेरिकेत शाळा सरकारी असो वा कॅथलिक, भाषा इंग्रजीच असते. त्यामुळे तिथे इंग्रजीचा मुद्दा आपोआप गळून पडतो आणि उरलेलं काय ते तपासता येतं. 1980 नंतर तिथल्या समाजशास्त्रज्ञांनी आणि अर्थशास्त्रज्ञांनी ते कसून तपासलं आहे. त्या अभ्यासांवरून माझं मत असं झालं आहे की, या शाळांचं खरं बळ कोणत्या मुलाला काय शिकवायचं या एका निर्णयात आहे. शिस्त आणि प्रार्थना यांचा नंबर त्यानंतर लागतो.

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, वयाची चौदा ते अठरा वर्षं. कॅथलिक हायस्कूलमधल्या मुलाचं वेळापत्रक पाहिलं तर ते आपल्याला ओळखीचं वाटतं: चार वर्षं इंग्रजी, तीन-चार वर्षं गणित, विज्ञान, इतिहास, एक परकी भाषा आणि चारही वर्षं धर्मशिक्षण. निवडीला जागा थोडी. आपल्याला यात विशेष काही दिसत नाही, पण विसाव्या शतकातल्या अमेरिकी सरकारी हायस्कूलशेजारी ठेवलं की फरक कळतो. तिथे विषयांचा बाजार भरलेला असे. 1985 मध्ये या व्यवस्थेवर जे गाजलेलं पुस्तक आलं, त्याचं नावच 'द शॉपिंग मॉल हायस्कूल' होतं. मुलांची विभागणीही होई: कॉलेजला जाणाऱ्यांचा एक मार्ग, धंदेशिक्षणाचा दुसरा आणि कुठेच न नेणारा 'सामान्य' असा तिसरा. गवंड्याची मुलगी आणि वकिलाची मुलगी एकाच इमारतीत शिरत आणि चार वर्षांनी दोन वेगळी शिक्षणं घेऊन बाहेर पडत. कुणी सक्ती केलेली नसे. चौदा वर्षांच्या मुलाला सोपा तास समोर दिसला की तो तिकडे वळणारच. घरात हटकणारं कुणी असलं तर वाचला. कॅथलिक शाळांनी हा बाजार मांडला नाही, त्यामागे एक कारण पैशांची चणचण हेही होतं. धंदेशिक्षणाला यंत्रं लागतात, कार्यशाळा लागतात. व्याकरण आणि बीजगणिताला फळा पुरतो. गरिबीतून आलेली ही मर्यादा पुढे मुलांच्या पथ्यावर पडली.

जेम्स कोलमन यांचं नाव शिक्षणाच्या अभ्यासात मोठं आहे. अमेरिकेतल्या शैक्षणिक विषमतेवरचा 1966 चा प्रसिद्ध अहवाल त्यांच्याच नावाने ओळखला जातो. 1980 मध्ये हजाराहून अधिक हायस्कूलांतल्या मुलांची मोठी राष्ट्रीय पाहणी सुरू झाली, तिच्या आधारे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सरकारी, कॅथलिक आणि इतर खासगी शाळांची तुलना केली. दहावी ते बारावीच्या दरम्यान शाळा सोडणाऱ्या मुलांचं प्रमाण सरकारी शाळांत 14.4 टक्के निघालं, कॅथलिक शाळांत 3.4 टक्के. पण मला सर्वांत बोलका वाटतो तो तिसरा आकडा. इतर खासगी शाळांत ही गळती 11.9 टक्के होती. फी भरली म्हणून मुलं टिकतात असं असतं, तर हा आकडा इतका वर गेला नसता. कोलमन यांचं स्पष्टीकरण असं होतं की कॅथलिक शाळांतली कुटुंबं चर्चमुळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे मुलावर घराबाहेरच्या मोठ्यांचंही लक्ष राहतं. पुढे 1993 मध्ये अँथनी ब्रिक, व्हॅलेरी ली आणि पीटर हॉलंड यांच्या अभ्यासाने शाळेच्या आत नजर वळवली. त्यांना दिसलं की सगळ्यांना जवळपास एकच अभ्यासक्रम असल्यामुळे घरच्या परिस्थितीचा मुलाच्या प्रगतीवरचा पगडा इथे सैल होतो.

यावर पहिला आक्षेप कुणीही घेईल, आणि तो वजनदार आहे: ही मुलं मुळातच निवडलेली असतात. पदरमोड करून फी भरणारे पालक घरीही अभ्यास घेणार. शिवाय त्रास देणाऱ्या मुलाला या शाळा काढू शकतात, सरकारी शाळेला ते इतकं सोपं नाही. कोलमन यांच्यावर त्या काळी याच मुद्द्यावरून झोड उठली. 1995 मध्ये विल्यम इव्हान्स आणि रॉबर्ट श्वाब या अर्थशास्त्रज्ञांनी अशा फरकांचा हिशेब धरूनही हायस्कूल पूर्ण करण्याची किंवा कॉलेजला जाण्याची शक्यता 13 टक्केबिंदूंनी वाढलेली दाखवली. 2005 मध्ये जोसेफ अल्टोन्जी, टॉड एल्डर आणि क्रिस्टोफर टेबर यांनी निवडीची शंका आणखी कठोरपणे तपासली. त्यांच्या निष्कर्षाने दोन्ही पक्षांची पंचाईत केली: हायस्कूल पूर्ण करण्यावर या शाळांचा परिणाम ठळक आहे, परीक्षेतल्या गुणांवर मात्र फारसा पुरावा सापडत नाही. म्हणजे कॅथलिक शाळेत घातलं की मूल हुशार होतं, हा दावा सोडून द्यायला हवा. मूल टिकतं, हा दावा उभा राहतो. ज्या वस्तीत घरातलं पहिलंच पोर बारावीपर्यंत पोचतंय, तिथे टिकणं ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरा आक्षेप कळवळ्याचा आहे. सगळ्यांना एकच अवघड अभ्यास म्हणजे ज्याला झेपत नाही त्याचे हाल. महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. दहावीला काही वर्षं 'सामान्य गणित' हा सोपा पर्याय होता. तो असावा म्हणणाऱ्यांच्या मनात नापास होणाऱ्या मुलांविषयी खरी कणव होती, पुढे तो बंद झाला. पण सोपा विषय घेतलेल्या मुलासमोर पुढची बरीच दारं बंद होतात आणि ती बंद झालेली त्याला दोन वर्षांनी कळतं. अवघड विषय सगळ्यांना द्यायचा, तर मागे पडणाऱ्याला हात देणारा माणूसही शाळेने द्यायला हवा. तो नसेल तर आक्षेप शंभर टक्के खरा ठरतो. कॅथलिक हायस्कूलमध्ये शाळा सुटल्यानंतरचे तास म्हणूनच महत्त्वाचे. सकाळी भूमिती शिकवणाराच दुपारी फुटबॉलचा संघ घेतो, तोच निवासी चिंतन-शिबिरात मुलांसोबत राहतो. बऱ्याच शाळांत समाजसेवेचे ठरावीक तास भरल्याशिवाय हायस्कूल पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र मिळत नाही. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या शाळांत उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात 'ए.एम.डी.जी.' अशी चार अक्षरं लिहिण्याची जुनी रीत आहे. मूळ लॅटिन वाक्याचा अर्थ, देवाच्या अधिक गौरवासाठी. गणिताच्या चाचणीवरही ती लिहायची. विद्यार्थ्यांपैकी साधारण पाचातलं एक मूल कॅथलिक नसतं, त्यालाही धर्मशिक्षणाच्या तासाला बसावं लागतं. हे मला खटकतं. प्रार्थनेची सक्ती कुणावरच नसावी. पण आपलं काम कुणासाठी तरी असतं, हा विचार रोज हाताखालून गेला तर त्याचा ठसा उमटतो, हेही नाकारता येत नाही.

सर्वांत मोठी अडचण पैशांची, आणि तिथे या शाळा खरोखर हरत आल्या आहेत. आपल्याकडच्या अनेक मिशनरी शाळांत शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून होतात. अमेरिकेत काही राज्यांतल्या व्हाउचर, म्हणजे फीसाठी सरकारी मदतीच्या, योजना सोडल्या तर तसा आधार नाही. तिथला आधार होता धर्मभगिनींचा, म्हणजे सिस्टरांचा. 1965 च्या सुमारास देशात सुमारे 1 लाख 80 हजार सिस्टर होत्या आणि त्यांतल्या कितीतरी जणी नाममात्र मोबदल्यावर शिकवत. आज त्यांची संख्या 40 हजारांच्याही खाली आहे. पगारी शिक्षक आले, फी वाढली आणि ज्या स्थलांतरित कामगारांच्या मुलांसाठी या शाळा उभ्या राहिल्या, त्यांनाच त्या परवडेनाशा झाल्या. 1965 मध्ये प्राथमिक धरून 50 लाखांहून अधिक मुलं कॅथलिक शाळांत होती. आज ती 17 लाखांच्या आसपास आहेत.

या कोंडीतून शिकागोत 1996 मध्ये एक वाट निघाली. मेक्सिकन कामगारांच्या पिल्सन भागात जेझुइटांनी क्रिस्तो रे हायस्कूल काढलं. फी भरू शकतील असे पालक तिथे नव्हतेच. म्हणून चार विद्यार्थ्यांनी मिळून एखाद्या कार्यालयातली एक पूर्ण वेळ नोकरी धरायची, असं ठरलं. वकिलांच्या कचेरीत, बँकेत, इस्पितळात प्रत्येकाने आठवड्यातून एक दिवस जायचं, उरलेला पाचवा दिवस आळीपाळीने भरायचा आणि पगार थेट शाळेच्या फीत जमा व्हायचा. मुलांना राबवून घेतात, ही टीका झाली आणि ती सतत होत राहायला हवी, कारण काम शिक्षणावर चढून बसण्याचा धोका खरा आहे. आज अमेरिकेत अशा सुमारे 40 शाळा आहेत. नोकरीचा दिवस अभ्यासातून वजा होऊ नये म्हणून त्यांनी शाळेचा दिवस आणि वर्ष दोन्ही लांबवली. मंगळवारी दिवसभर फायली लावून आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला बुधवारी सकाळी वर्गात बीजगणिताचा तोच धडा असतो, जो इतरांना असतो.