सुपरमॅनला दमा, केप मात्र कोशाची

आधी एक धक्का पचवा. सुपरमॅन जन्मला तेव्हा खलनायक होता, तोही टकला! 1933 साली क्लीव्हलँडमधल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या शाळकरी दोस्तांनी घरच्या घरी काढलेल्या पत्रिकेत तो पहिल्यांदा अवतरला. विज्ञानकथांची पारायणं करणारी ही पोरं. पुढे त्यांनीच त्याला सज्जन केलं, डोक्यावर केस दिले आणि 1938 मध्ये 130 डॉलरला हक्कांसकट विकून टाकलं.

बरं, तेव्हा तो उडतही नव्हता. नुसत्या उड्या मारायचा, फार तर फर्लांगभर. ज्या क्रिप्टोनाइटनं त्याचे हातपाय गळतात, ते 1943 मध्ये रेडिओवाल्यांनी आणलं. त्याच्या वर्तमानपत्राचा संपादक पेरी व्हाइट हाही रेडिओचाच मानसपुत्र. तेव्हा ‘आमच्या हिरोची वाट लावली’ म्हणून चाहत्यांच्या कथांना नाकं मुरडणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. ज्याच्या हाती तो लागला, त्यानं त्याला काहीतरी चिकटवलंच आहे.

दमावरून आठवलं, सुपरमॅनला खराखुरा दमा जडवला तो आपल्या मालेगावनं. शेख नासिर हा तिथला व्हिडिओ पार्लरवाला. 2000 साली ‘मालेगाव के शोले’ काढून त्यानं गावाला वेड लावलं होतं. मग त्याची नजर थेट आभाळाकडे गेली. हिरो कोण? तर शफीक शेख, यंत्रमागावरचा कामगार, अंगानं अगदी काडी. चड्डीची नाडी पुढे लोंबतेय, अशा थाटात हा सुपरमॅन मालेगावच्या धुळीतून उडतो आणि दम लागून खोकतो. माझ्या मते या पात्राला कोणीही दिलेली ही सर्वांत अस्सल दुबळी बाजू आहे. क्रिप्टोनाइट कोणी पाहिलंय? धूळ मात्र यंत्रमागाच्या गावात रोज छातीत जाते.

थाट तर विचारूच नका. क्रेन हवी? बैलगाडी जुंपा. कॅमेरा सरकवायचाय? सायकल आहे की. उडायचं असेल तर मागे हिरवं कापड ताणा आणि हिरोला आडवा करा. चित्रीकरण ऐन रंगात असताना एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडला, अधेमध्ये खुद्द सुपरमॅनचं लग्नही लागलं. ही सगळी धमाल फैजा अहमद खान यांनी 2008 च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात टिपली. शफीक पुढे कर्करोगानं गेला. 2024 च्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ या रीमा कागती यांच्या चित्रपटात त्याची भूमिका शशांक अरोरानं केली.

स्पायडरमॅनही सुटला नाही. 2004 मध्ये भारतीय कॉमिकमध्ये पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, मुंबईत आला आणि धोतर नेसून उंच इमारतींवरून झुलू लागला. मेरी जेन झाली मीरा जैन. कोळी चावायची भानगडच नाही, इथे योगीबाबा शक्ती देऊन मोकळे!

मग मीच का मागे राहू? माझ्या सुपरमॅनसाठी आता वळू कारध्याकडे. भंडाऱ्याहून वैनगंगा ओलांडली की आलंच. पावसाळ्यात अख्ख्या जिल्ह्याचे कान इथल्या पाणीपातळीकडे असतात. धोक्याची खूण 245.50 मीटर. पाणी चढलं की जुना लहान पूल बंद होतो. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस नदीनं काय हाहाकार केला, तो भंडारेकर विसरणार नाहीत. सुपरमॅनच्या कथेला याहून चांगलं नेपथ्य कुठलं? माझा सुपरमॅन पुलाच्या कठड्यावर उतरतो, छाती फुगवतो, तोच गर्दीतून आवाज येतो, ‘काहून गा, पूर पाह्यले आला का?’ बिचारा ओशाळतो. वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलेलं, खाली गोसीखुर्द धरणाचे 33 दरवाजे. एक हात इकडे, एक तिकडे, आणि फोन तिसऱ्याच खात्याचा! याची कमजोरी दमा नव्हे. ‘वरून आदेश आला नाही’ एवढं ऐकलं की याच्या गुडघ्यातलं बळ जातं.

केप मात्र झोकात हवी, मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावच्या कोसा रेशमाची. पॉलिएस्टर घालून आमच्याकडे यायचं नाही. हो, आणि दोन तासांत खेळ आटोपून चालणार नाही. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, नाटक रात्री उभं राहतं ते उजाडेपर्यंत चालतं. मध्ये लावणी हवी, विनोदी पात्र हवं, सुपरमॅनच्या प्रेयसीला, लोइस लेनला, सासू हवी. दिवाळीनंतर शंकरपटांचा, म्हणजे बैलांच्या शर्यतींचा, आणि त्यासोबत नाटकांचाही हंगाम सुरू होतो. वडशाच्या एखाद्या नाट्यकंपनीनं मनावर घेतलं, तर संहिता तयार आहे. फक्त त्याला उडवायचं कसं, ते बैलगाडीवाल्यांनी ठरवावं. पटाच्या दिवशी बैल मोकळे मिळायचे नाहीत.